वाण नाही, गुण पाहा



‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिला आहे आणि आता मुलांकडून लिहून घेतो आहोत. आपल्या वहीतल्या कुत्र्याचं नाव मोत्या असायचं. तो घराची राखण करायचा आणि शेवटच्या ओळीत इमानी असायचा. माझ्या वर्गातल्या वह्यांत मोत्या अजून आहे. उत्तनहून येणाऱ्या मुलांचा मोत्या तर बांबूवर वाळत घातलेले बोंबील राखतो! पण मीरा रोड आणि भाईंदरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या मुलांच्या वहीत हल्ली ‘पूडल’ आला आहे. गंमत म्हणजे मोत्याच्या निबंधात पहिल्या ओळीत त्याचं काम असतं, पूडलच्या निबंधात पहिल्या ओळीत त्याचा रंग असतो.

पालकसभेत प्रगतिपुस्तकं वाटून झाली की एखादी आई हळूच विचारते, “बाई, पूडल घ्यायचाय. कुठला रंग चांगला? सिल्व्हर घ्यावा की तो ठिपक्याठिपक्यांचा?” मी काही प्राण्यांची डॉक्टर नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. पण परिसर अभ्यास शिकवते, त्यामुळे वाचून, विचारून जे नीट समजलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

आधी या कुत्र्याची ओळख करून घेऊ. सोफ्यावर बसणारं खेळणं म्हणून पूडल जन्माला आलेला नाही. तो मूळचा पाण्यात उतरून शिकार केलेली बदकं आणणारा कुत्रा. त्याचं नावच पाण्यात डुबुकडुबुक करणं अशा अर्थाच्या जर्मन शब्दावरून आलेलं आहे. फ्रान्समध्ये तो फार लाडका झाला. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहिलं, त्यातल्या क्रमवारीत बॉर्डर कॉली पहिला आणि पूडल दुसरा आहे. म्हणजे घरात येतो तो वर्गातला हुशार विद्यार्थी. आणि हुशार विद्यार्थ्याला काम दिलं नाही तर तो काय करतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

आता रंगाकडे वळू. कुत्र्याच्या केसांत मुख्यतः दोनच रंगद्रव्यं असतात. एक काळं किंवा तपकिरी, दुसरं तांबूस-पिवळं. आपल्या चित्रकलेच्या तासाला मुलं दोन-तीन रंगांतून दहा छटा करतात ना, तसंच. कुठलं रंगद्रव्य किती, कुठे आणि केव्हा, हे जनुकं ठरवतात. त्यातून काळा, पांढरा, तपकिरी, राखाडी, जर्दाळूसारखा ॲप्रिकॉट आणि लाल असे एकरंगी पूडल होतात. दोन रंगांचा, म्हणजे पांढऱ्यावर मोठे पट्टे असलेला, त्याला ‘पार्टी’ म्हणतात. आपण त्याला सरळ बांडा म्हणू. भुवया, तोंड, छाती आणि पायांवर तांबूस खुणा असलेला, डॉबरमनसारखा दिसणारा, तो ‘फँटम’. अमेरिकन केनेल क्लबच्या प्रदर्शनात बांडा पूडल बाद ठरतो. तिथल्याच युनायटेड केनेल क्लबने मात्र बहुरंगी पूडलला वेगळी जागा दिली आहे. म्हणजे ‘दुर्मीळ’ हा शब्द बऱ्याचदा माणसांच्या नियमांमधून येतो. बांडेपणामुळे कुत्र्याच्या तब्येतीला काही होत नाही.

पण एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. पूडलचा रंग टिकेलच असं नाही. सिल्व्हर पूडल जन्मतो तेव्हा चक्क काळा असतो. त्याच्यात लवकर रुपेरी होण्याचं जनुक असतं, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तो उजळत जातो. काही तपकिरी पूडल दूध जास्त झालेल्या कॉफीसारखे होतात. गडद लाल म्हणून आणलेला पूडल पुष्कळदा ॲप्रिकॉटकडे झुकतो. मुलगी तिसरीत असताना ज्या रंगासाठी हट्ट केला, तो ती पाचवीत जाईपर्यंत फिका झालेला असतो. कुत्रा मात्र बारा-पंधरा वर्षं घरात असतो. तिची दहावी होते, बारावी होते, तरी तो दाराशी वाट पाहत असतो. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते बहुतेक वेळा पहिल्या दीड वर्षासाठी, एवढं लक्षात ठेवा.

रंग फिका पडला तर त्यात दुःखाचं काही नाही. एका रंगाच्या बाबतीत मात्र प्रश्न गंभीर आहे. राखाडी अंगावर गडद तुटक ठिपके आणि कधी एखादा निळा डोळा, अशा रंगाला ‘मर्ल’ म्हणतात. मर्ल हा पूडलचा मूळचा रंग मानला जात नाही. तो दुसऱ्या जातींशी संकर होऊन आला. मर्लचं जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलं तर पिल्लू ठिपक्यांचं होतं. पण जास्त ठिपक्यांची पिल्लं मिळावीत म्हणून कोणी दोन मर्ल एकत्र आणले, तर प्रत्येक पिल्लाला हे जनुक दोघांकडून मिळण्याची शक्यता चारात एक असते. अशी पिल्लं अंगाने बरीचशी पांढरी निघतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कानांत किंवा डोळ्यांत जन्मतः दोष असतो.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी असंच पिल्लू आलं. जवळजवळ पांढरं, पाठीवर थोडे राखाडी शिंतोडे, डोळे निळे. ‘फारच दुर्मीळ रंग’ म्हणून घेतलेलं. वर्गात दोन आठवडे त्याचंच कौतुक चालू होतं. मग ती म्हणाली, “बाई, तो माझं ऐकतच नाही.” घरच्यांना वाटलं हट्टी आहे. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, त्याला ऐकूच येत नव्हतं. घरात पिल्लू परत देण्याची भाषा सुरू झाली. त्या मुलीने मात्र परत देऊ दिलं नाही. पिल्लाला बोलवायचं असेल तर ती जमिनीवर पाय आपटायची, म्हणजे त्याला हादरा कळायचा. ‘बस’ म्हणजे पंजा खाली, ‘ये’ म्हणजे हात छातीशी, ‘शाब्बास’ म्हणजे अंगठा वर. महिन्याभरात पिल्लू तिच्या हातांकडे बघायला शिकलं. आजी-आजोबाही हातवारे शिकले. रस्त्यावर गाडीचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही, म्हणून ते कधीच पट्ट्याशिवाय बाहेर जात नाही.

तिच्या निबंधात पिल्लाच्या रंगाचा उल्लेख नव्हता. “तो माझे हात वाचतो,” असं मात्र लिहिलं होतं. मी त्या वाक्याखाली लाल पेनने काही लिहिलं नाही.

आपली म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे रंग. शेजाऱ्याचा रंग लागत नाही, गुण लागतो. कुत्र्यालाही आपल्या घराचे गुण लागतात. घरात आरडाओरडा असेल तर तो भुंकरा होतो, शांतपणा असेल तर शांत होतो. मग आपण पैसे वाणाचे का मोजायचे?

तरीही पूडल घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, चांगला सोबती आहे. फक्त एवढं पाहा:

• पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान असेल तर घेऊ नका. कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याआधी विक्री करता येत नाही. पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, तेही विचारा.

• पिल्लाची आई बघायला मागा. आई-वडिलांचे रंग विचारा. दोघंही मर्ल असतील तर नमस्कार करून परत या.

• ‘टीकप’ हे मान्यताप्राप्त मापच नाही. मुद्दाम फार लहान केलेल्या पिल्लाची हाडं नाजूक असतात, आणि आपल्या घरात धावणारी मुलं असतात.

• मागून टाळी वाजवा. पिल्लू वळलं का ते बघा. मग नीट तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्या. रेबीज आणि इतर लसी वेळेवर द्या.

आपल्या हवेचंही भान ठेवा. खाडी आणि समुद्र, दोन्हीकडून दमटपणा. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, पण वाढतच राहतात. रोज विंचरलं नाही तर जटा होतात, आणि साधारण महिना-दीड महिन्याने कापावे लागतात. पावसाळ्यात फिरून आल्यावर कानांची आतली बाजू आणि बोटांमधली जागा कोरडी करा. मे महिन्यात दुपारी नव्हे, सकाळी लवकर जेसल पार्कच्या चौपाटीवर न्या. आणि आपल्या स्वयंपाकघरातली एक सूचना: कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुकासुद्धा!

शिक्षक मित्रहो, हे वर्गात करून पाहता येतं. दोन पेले घ्या, एक आईचा, एक वडिलांचा. प्रत्येकात दोन चिठ्ठ्या: एकीवर ‘म’, दुसरीवर ‘स’. ‘म’ म्हणजे मर्ल, ‘स’ म्हणजे साधा. एकेका मुलाने दोन्ही पेल्यांतून न बघता एकेक चिठ्ठी काढायची, फळ्यावर नोंद करायची आणि चिठ्ठी परत टाकायची. चाळीस मुलांनी काढल्यावर ‘म-म’ साधारण दहा वेळा, म्हणजे पाव हिस्सा येईल. अपूर्णांकही शिकवून होतो आणि ‘चारात एक’ म्हणजे काय तेही कळतं. मग मुलांना विचारा, या दहा पिल्लांचं काय करायचं? त्यांना बोलू द्या. उत्तर आपण द्यायची घाई करू नका.

आणि पुढच्या वेळी ‘माझा आवडता प्राणी’ लिहायला द्याल तेव्हा एक अट घाला: रंग सांगायचा नाही. तो प्राणी आपल्याला कसा ओळखतो आणि आपण त्याच्यासाठी रोज काय करतो, एवढंच लिहायचं. मुलांना ते फार छान जमतं.