चिमण्यांचं हिंदी

गेल्या मे महिन्यात आई फोंड्याहून आमच्याकडे सिल्वासाला आली. (मी इथे सरकारी कचेरीत कारकून आहे.) आल्या आल्या तिने नातीला विचारलं, "जेवलीस गो बाय?" कन्यारत्न उत्तरलं, "दादी, मैंने तो कब का खा लिया!"

आई काही बोलली नाही. रात्री मात्र म्हणाली, "तुझ्या मुलीशी बोलायला मला आता दुभाषी लागेल."

आपल्या मंडळींनी २ ऑगस्ट १९५४ ला मुक्त केलेलं हे गाव आज कारखान्यांचं आहे. परप्रांतातून आलेल्या कामगारांची मुलं शेजारी, त्यामुळे अंगणात हिंदीच. पण खरे मास्तर छोटा भीम आणि डोरेमॉन. "कब का" ही लकब तिथलीच. रागाच्या भरात मी टीव्ही बंद केला.

मग माझीच मला लाज वाटली. माझं हिंदी तरी कुठून आलं? शाळेत हिंदी सुरू व्हायच्या आधीच दूरदर्शनवरच्या चिमण्यांनी ते शिकवलं होतं. जाळ्यासकट उडणाऱ्या त्या चिमण्या आठवतात ना? 'एक, अनेक और एकता' हा फिल्म्स डिव्हिजनचा सातेक मिनिटांचा चित्रपट, १९७४ सालचा. करणाऱ्या विजया मुळे, आपल्या मराठी बाई. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही पोचला, तेव्हा त्यातल्या मुलांच्या कार्यक्रमांतही त्यांचा हात होता. पाच-सात वर्षांच्या पोराला नेमकं काय कळावं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असे. आता तसं कोण ठरवतं, मला तरी दिसत नाही. शिवाय तेव्हाचं हिंदी अर्ध्या तासाचं पाहुणं होतं. आता ते घरातच राहायला आलंय, आणि मराठी कार्टून शोधूनही चटकन सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर मुलीला त्या चिमण्या दाखवल्या. आई चष्मा लावून बघत होती. "चिमण्या कुठल्या? कबुतरं ती! राजाचं नाव चित्रग्रीव," असं म्हणून तिने मूळ गोष्ट सुरू केली. उंदीर आधी राजाचं जाळं कुरतडायला गेला, पण राजा म्हणाला, आधी माझ्या माणसांचं, माझं शेवटी.

मुलगी आजीच्या मांडीवर सरकली. "शेवटी क्यों?"