सोमवारी लाल किल्ला बंद असतो

नाशिक, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी दिल्लीची यादी मिळाली. चार दिवसांत सत्तावीस ठिकाणं! त्यात आग्राही कोंबलंयस, तेही शुक्रवारी. अगं, शुक्रवारी ताजमहाल बंद असतो आणि सोमवारी लाल किल्ला. हे दुसरं ज्ञान मी आणि तुझ्या काकांनी लाहोरी दरवाज्यासमोर उभं राहून मिळवलंय. रिक्षावाल्याला माहीत होतं, पण आम्ही विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

डिसेंबरअखेरचा बेत मोड. धुक्यात गाड्या, विमानं सगळंच रखडतं. दिवाळीच्या आसपास हवा घशाला लागते. फेब्रुवारीच्या शेवटी जा. थंडी सरत आलेली असते आणि पुढे काटेसावर फुलायला लागते.

पहिल्या दिवशी मेट्रोने दक्षिणेला कुतुबमिनारला जा. बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलं ते काम. आधी ते बघितलंस की मग शहाजहानचं शहर किती अलीकडचं, हे पायांनाच कळतं. इंग्रजांची नवी दिल्ली तर १९३१ची, म्हणजे तुझ्या पणजीपेक्षा फार मोठी नाही. राजपथ आता कर्तव्यपथ झालाय, तिथे संध्याकाळी अर्धा तास पुरे. हुमायूनच्या कबरीला मात्र अख्खी सकाळ दे. सत्तावनच्या बंडात दिल्ली पडल्यावर बहादूरशहा जफर इथेच लपला होता आणि इथेच इंग्रजांच्या हाती लागला.

त्याच्यावर खटला चालला तो लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये. आणि तुला हे पत्र लिहायचं खरं कारण ती जागा आहे.

आपण मराठी माणसं दिल्लीत जातो ती जरा छाती काढूनच. राज्यगीतातलं ते तख्त डोक्यात असतं. मीही तशीच गेले होते. तिथे उभी राहून काकांना म्हटलं, महादजींनी शाहआलमला १७७२मध्ये पुन्हा दिल्लीत आणून बसवलं, ते इथलंच तख्त! काका म्हणाले, ‘वर बघ.’ वर लाकडी छत. मूळच्या छताला चांदी होती. ती १७६० साली आपल्याच भाऊसाहेबांनी काढून नेली आणि वितळवून तिचे रुपये पाडले. फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता. त्यानंतर काही महिन्यांतच पानिपत झालं.

मयूरासन नादिरशहाने नेलं हे शाळेत आपण घोकतो. छताचं कुणी सांगत नाही. भाऊसाहेबांना मी दोष देत नाही, उपाशी फौज घेऊन बसलेल्या माणसाकडे दुसरं काय होतं? पण राखणारे आपण आणि उचकटणारेही आपणच, बारा वर्षांच्या अंतराने, एकाच दिवाणखान्यात. हे कळल्यावर मी तिथे बराच वेळ गप्प होते. काकांना वाटलं, ऊन लागलं.

म्हणून किल्ल्याचा दिवस मोकळा ठेव. नंतर चांदणी चौकात पायी शिर. थंडी असेल तर दौलत की चाट मिळेल. दुधाचा तो फेस जिभेवर ठेवेपर्यंत नाहीसा होतो. जामा मशिदीत नमाजाच्या वेळा टाळून जा. खरेदी शेवटच्या दिवशी कर, नाहीतर ओझं घेऊन हिंडशील.

राहिलेली वीसेक ठिकाणं राहू देत. आग्रा तर मुळीच नको, त्यासाठी वेगळी खेप कर.

चपला नको, बूट घाल. नवं तिकीट काढण्याआधी वार मला फोनवर सांग.

तुझी,
मावशी