झेंड्याचा चौकडा

झेंडा आणि अंगावरचे कापड ही एकाच मागाची लेकरे. पण त्यांचे नशीब किती निराळे! झेंड्याची घडी घालताना चार हात पुढे येतात. त्याचे टोक जमिनीला लागू नये म्हणून सारे जपतात. अंगावरचे कापड मात्र घाम पुसते, उन्हात वाळते, कोपरावर विरते आणि शेवटी पायपुसणे होऊन दाराशी पडते. झेंड्यापुढे आपण ताठ उभे राहतो आणि कापडात गुरफटून झोपतो. म्हणूनच एका देशाने नवा झेंडा उभारला तेव्हा त्याची आठवण म्हणून कुणी रोजच्या वापराचे कापड बेतले, हे ऐकून मला मोठी मौज वाटली.

ते कापड आमच्या घरीच आहे. माझा थोरला भाऊ २००७ साली कॅनडात गेला. काही वर्षांनी येताना त्याने आईसाठी एक लोकरी मफलर आणला. हिरवा, सोनेरी, लाल आणि तपकिरी रंगांचा चौकडा. आमचे गाव इचलकरंजी. इथे रात्रंदिवस मागांची खडखड चालू असते, तेव्हा चौकडा म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण दादा म्हणाला, "हा नुसता चौकडा नव्हे, आई. हा टार्टन आहे. मेपल लीफ टार्टन."

टार्टन म्हणजे स्कॉटलंडचा चौकडा. हा चौकडा वरवर साधा दिसतो, पण त्याने पुष्कळ सोसले आहे. १७४६ साली डोंगराळ मुलखातल्या लोकांचे बंड मोडल्यावर इंग्रज सरकारने त्यांच्या पोशाखावर कायद्याने बंदी घातली. ती उठायला १७८२ साल उजाडले. पुढे १८२२ साली चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी त्याच्या स्वागताचा असा काही थाट मांडला की स्वतः राजानेच टार्टन अंगावर चढवला! ज्या कापडाची धास्ती घेतली तेच कापड राजवंशाने मिरवले. आज अमुक घराण्याचा अमुक चौकडा म्हणून जे सांगितले जाते, त्यांतले कितीतरी नमुने या एकोणिसाव्या शतकातच ठरले. परंपरा नेहमी आपोआपच उगवते असे नाही. कधीकधी ती कागदावर आखून मागावर चढवावी लागते. एकदा अंगावर आली की मात्र तिची ऊब खरी असते.

स्कॉटलंडचे लोक कॅनडात गेले आणि आपला चौकडाही घेऊन गेले. त्या देशाला १९६४ सालापर्यंत स्वतःचा असा झेंडा नव्हता. ज्याच्या कोपऱ्यात ब्रिटनचे निशाण होते, असा एक लाल झेंडा तिथे फडकत असे. पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांनी नव्या झेंड्याची गोष्ट काढली मात्र, देशभर गहजब झाला. जुन्या झेंड्याखाली लढलेल्या सैनिकांच्या सभेत, विनिपेगला, त्यांची हुर्यो उडाली. विरोधी पक्षनेते डीफेनबेकर हटून बसले. भाषणांवर भाषणे झाली. अखेर १५ डिसेंबर १९६४ च्या अपरात्री लोकसभागृहात १६३ विरुद्ध ७८ मतांनी ठराव झाला आणि १५ फेब्रुवारी १९६५ रोजी दोन लाल पट्ट्यांमधल्या पांढऱ्यावर अकरा टोकांचे लाल मेपलचे पान चढले.

याच नव्या झेंड्याची आठवण म्हणून डेव्हिड वायझर नावाच्या गृहस्थांनी १९६४ साली हा टार्टन बेतला. आता कुणीही सामान्य माणूस काय करील? झेंडा लाल-पांढरा, तेव्हा चौकडाही लाल-पांढरा! वायझरांनी तसे केले नाही. त्यांनी झेंड्याकडे न पाहता पानाकडे पाहिले. मेपलचे पान उन्हाळ्यात हिरवे असते, शरद ऋतू लागला की सोनेरी होते, पहिल्या हिमकणांबरोबर लाल होते आणि गळून पडल्यावर तपकिरी. वायझरांनी हे चारही रंग घेतले. तपकिरीच्या तर दोन छटा घेतल्या. रॉयल कॅनेडियन रेजिमेंटच्या पायपरांनी तो अंगावर घातला आणि २०११ साली कॅनडाच्या सरकारने त्याला राष्ट्रीय चिन्हांत अधिकृत जागा दिली.

मला या कल्पनेचे फार कौतुक वाटते. झेंडा पानाच्या आयुष्यातला एकच दिवस दाखवतो, अगदी ऐन बहराचा. कापड त्याचे सबंध वर्ष दाखवते. कोवळेपण दाखवते, गळणेही दाखवते. आम्ही वर्गात मुलांना प्रतीक आणि प्रतिमा यांतला फरक शिकवतो आणि मुले परीक्षेपुरता तो पाठ करतात. मला तो खरा कळला आईच्या मफलरवर.

पण या मफलरकडे आई बरेच दिवस ढुंकूनही पाहत नव्हती. त्याचे कारण लोकर नव्हे, शपथ. २०१५ साली दादाने कॅनडाचे नागरिकत्व घेतले. आपल्या कायद्याप्रमाणे माणसाला एकाच वेळी दोन देशांचे नागरिक होता येत नाही. इकडचा पासपोर्ट परत करावा लागतो. तोही एक वेळ सोसला असता. पण तिथल्या शपथेत तेव्हा राणी एलिझाबेथ आणि तिचे वारस यांच्याशी निष्ठा राखण्याचे वचन असे, हे दादाने भोळेपणाने फोनवर सांगून टाकले. आमचे आजोबा १९४२ च्या चळवळीत येरवड्याला दीड वर्ष काढून आलेले. त्यांची खादीची टोपी अजून आमच्या ट्रंकेत आहे. आई काही बोलली नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिने एवढेच विचारले, "म्हणजे आता तो आपल्यातला नाही का रे?"

या प्रश्नाला कायद्याचे उत्तर सोपे होते. ते मी दिले नाही.

मफलरची वीण नीट समजून घ्यावी म्हणून एकदा मी तो माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी नेला. त्याच्या वडिलांचे माग आहेत. त्यांनी कापड उजेडात धरले, बोटांनी चाचपले आणि म्हणाले, "सर, यात लबाडी नाही. उभ्या ताण्यात जे रंग ज्या क्रमाने, तेच आडव्या बाण्यात त्याच क्रमाने. हिरव्यावर हिरवा आला की चोख हिरवा दिसतो. हिरव्यावर लाल आला की दोन्ही धागे आपापल्या जागी राहतात, पण लांबून तिसराच रंग दिसतो."

मग त्यांनी हिशेबच मांडला. दोन रंग घेतले तर कापडात तीन छटा दिसतात. चार घेतले तर दहा. पाच घेतले तर पंधरा. घातलेले रंग पाचच, बाकीच्या दहा छटा नुसत्या भेटीगाठींच्या! झेंड्यात प्रत्येक रंग आपल्या पट्ट्यात सोवळ्याने उभा असतो. चौकड्यात तसे चालत नाही. तिथे प्रत्येकाला प्रत्येकाच्या वाटेवरून जावे लागते.

गेल्या वर्षी, २०२५ साली, त्या झेंड्याला साठ वर्षे झाली. माझी पुतणी तिकडेच जन्मलेली, अकरा वर्षांची. शाळेत मुलांना झेंड्यावरून एक टार्टन आखायला सांगितला होता. तिचा फोन आला, "काका, मी दोन फ्लॅगचा करणार आहे. बाबांचा पहिला आणि बाबांचा आताचा. चालेल ना?"

न चालायला काय झाले? आम्ही दोघे दोन गोलार्धांत आलेखाचा कागद घेऊन बसलो. केशरी, पांढरा, हिरवा, निळा आणि लाल. दोन दिवसांनी तिची तक्रार आली, "काका, केशरी आणि हिरवा क्रॉस केले की डर्टी दिसतं. लाल आणि हिरवा पण. मातीसारखं!"

मी म्हणालो, "अगं, मातीसारखं दिसतं म्हणजे बरोबर जमलं आहे." तिला ते पटले की नाही कोण जाणे, पण तिने रंग बदलले नाहीत. निळ्याची मात्र एकच बारीक रेघ ठेवली, अशोकचक्राची.

आखणी पुरी झाल्यावर तिने तिचे छायाचित्र पाठवले. मी ते विद्यार्थ्याच्या वडिलांना दाखवले आणि एक तुकडा विणून मिळेल का म्हणून विचारले. ते हसले. "सर, पाच रंगांना पाच धोटे लागतील. हातभर कापडासाठी एवढा ताणा कोण भरणार?" त्यांचेही खरेच होते. तो चौकडा अजून कागदावरच आहे.

आईला मी तो फोनवर मोठा करून दाखवला. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि पलीकडे कान लावून बसलेल्या नातीला विचारले, "बाळे, यातला आपला रंग कुठला आणि तुमच्या तिकडचा कुठला?"

नात एकेक रंग सांगत गेली. केशरी तुझा, हिरवा तुझा, निळा तुझा, लाल इकडचा. पांढऱ्यापाशी आली आणि अडखळली. मग म्हणाली, "आजी, पांढरा दोघांचा आहे. दोन्ही फ्लॅगमध्ये आहे."

आई क्षणभर गप्प राहिली. मग स्वयंपाकघरात धाकट्या सुनेला मीठ किती घालायचे हे ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात म्हणाली, "मग तो पट्टा जरा रुंद घे."

पुतणीने तो आठ धाग्यांचा बारा धाग्यांचा केला. यंदा थंडी लवकर पडली आहे. आई पहाटे तुळशीला पाणी घालायला जाते, तेव्हा मफलर कानांवरून घट्ट बांधलेला असतो.