सेवाग्रामची सावली

वर्ध्याहून निघालेला रस्ता सुमारे ८ किलोमीटरवर सेवाग्रामला पोहोचतो. वैशाखात या मुलखात पारा ४५ अंशांवर चढतो. आश्रमाच्या आवारात मात्र प्रथम भेटते ती मोठ्या झाडांची सावली आणि त्या सावलीत बसलेली, जमिनीशी सलगी राखणारी बापू कुटी.

१९३६ मध्ये गांधीजी येथे राहावयास आले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. जमीन वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज यांची. घरासाठी गांधीजींची अट अशी, की खर्च १०० रुपयांच्या आत राहावा आणि साहित्य व मजूर जवळपासचेच असावेत. बापू कुटी मीराबेन यांनी मुळात स्वतःसाठी उभारली होती. गांधीजी तेथे नंतर राहावयास गेले. मातीच्या भिंती, बांबू, लाकडी वासे, वर कवेलू आणि उतरते छप्पर पुढे ओढून केलेली ओसरी, इतकाच तिचा संभार. पुढे केरळात घरे बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर गांधीजींनी सांगितलेली एक गोष्ट आयुष्यभर सांगत: आदर्श घराचे सारे साहित्य ५ मैलांच्या आत मिळावे.

आज शेतावर घर बांधू पाहणारी अनेक व्यापारी कुटुंबे कुटी पाहून हात जोडतात आणि परतल्यावर हमरस्त्यावरून दिसेल असा काचेचा दर्शनी भाग आखतात. रस्ता पश्चिमेला असला, तर काचही पश्चिमेलाच येते. चूक होते ती येथे, आणि पुढे कोणतेही यंत्र ती पुरती निस्तरू शकत नाही. उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने दक्षिणेची भिंत लहानशा पाख्यानेही झाकली जाते. पश्चिमेचे तिरपे ऊन पाख्याला दाद देत नाही. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, पश्चिमेला कोठी, न्हाणीघर, जिना घ्यावा आणि त्यापलीकडे कडुनिंब. रोपाला सावली धरण्यास वर्षे लागतात. पाया खणण्याच्या दोन पावसाळे आधी ते लावलेले बरे.

सिमेंटच्या स्लॅबने दिवसभर शोषलेली उष्णता रात्री खोलीत उतरते. मग एसी रात्रभर तिच्याशी झुंजतो आणि वीजबिलासाठी सौर पॅनेलची संख्या वाढवली जाते. गळका डबा न सांधता त्यात तेल ओतीत राहण्याचा हा व्यवहार दुकानात कोणी करणार नाही. छप्पर आणि भिंत आधी सावरली, तर पॅनेल थोडी पुरतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरात तर स्वयंपाकघराला उत्तरेचा मोठा उजेड दिला, की दिवसा दिवा लागतच नाही.

मातीच्या घराची एक अडचण लपवू नये. बांबू आणि लाकूड ओलसर राहिले, की वाळवी लागते आणि मग औषध फवारण्याचा प्रश्न उभा राहतो. जैन कुटुंबाला तो प्रश्नच नको असेल, तर जोते दगडी व उंच हवे, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर वाहून गेले पाहिजे आणि लाकूड उघडे, नजरेसमोर असले पाहिजे.

शिवाय दरवर्षी मृगापूर्वी कवेलू फेरावे लागतात, भिंती लिंपाव्या लागतात. नकाशा काढण्याआधी शेजारच्या गावात हे काम येणारी माणसे उरली आहेत का, हे विचारून यावे. नसतील तर भाजक्या विटेची जाड भिंत आणि पांढऱ्या फरशीची गच्ची पत्करावी. सावलीचा नियम तेव्हाही तोच.