चित्राबाहेर राहिलेले

डुकराच्या मूत्राशयाची पिशवी. तेलात खललेला रंग तिच्यात भरून तोंड दोऱ्याने आवळत. लागेल तेव्हा टाचणीने भोक पाडायचे. ते नीट बुजत नसे, उरलेला रंग वाळून जाई. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँडने कथलाच्या नळीचे पेटंट घेतले आणि पिशवी गेली. रँड स्वतः व्यक्तिचित्रे रंगवून पोट भरणारा अमेरिकन होता.

बिट्युमेनचा तपकिरी. दिवाणखान्यातल्या सावल्यांना हवा तसा उबदार, पण कधीच पुरता न वाळणारा. त्याचा जाड थर असलेले चित्रांतले काळे कोट आज मगरीच्या पाठीसारखे तडकले आहेत.

पोरीचे नाव. अॅमी फिलिप्स हा फिरता चितारी न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्सच्या सीमाभागात सधन शेतकरी-व्यापाऱ्यांची घरे धुंडाळी. सही क्वचितच करी. लाल झग्यातली मुलगी, कुशीत पांढरे मांजर, पायाशी कुत्रा: हे त्याचे चित्र आज साऱ्या जगाला ठाऊक आहे, मुलगी कुणाची ते नाही. बापाने पैसे मोजले ते तिची ओळख राहावी म्हणूनच ना?

एक निरोप. फेब्रुवारी १८२५. न्यूयॉर्क शहराने फ्रेंच सेनानी लाफाएतचे चित्र काढायला सांगितले, म्हणून चित्रकार सॅम्युएल मोर्स वॉशिंग्टनला गेला. तिकडे न्यू हेवनला त्याची बायको लुक्रेशिया बाळंतपणानंतर वारली. पत्र पोचून तो घरी येईपर्यंत तिला पुरलेही होते. लाफाएत पूर्ण झाला, आजही उभा आहे. मोर्सने पुढे तारायंत्र केले. १८३९ मध्ये पॅरिसला दागेरची छायाचित्रे पाहिली आणि ते तंत्र न्यूयॉर्कमध्ये शिकवले. चित्रकारासमोर तासन् तास बसण्याची गरज त्या तंत्राने कमी केली.

ग्रेट डेन कुत्रा. १८९७ मध्ये चित्रकार सार्जंटला तो एडिथ स्टोक्सच्या शेजारी उभा हवा होता. कुत्रा मिळाला नाही, म्हणून नवरा उभा राहिला. मागे, अंधारात, हाताची घडी घालून. मला तो माणूस आवडतो.

खांद्यावरून ओघळलेला पट्टा. न्यू ऑर्लिन्सला जन्मलेली, पॅरिसच्या श्रीमंतांत वावरणारी व्हर्जिनी गोत्रो. १८८४ च्या सलों प्रदर्शनात सार्जंटने काढलेल्या तिच्या चित्रातल्या त्या पट्ट्यावरून लोक खवळले. त्याने तो पुन्हा रंगवून खांद्यावर नेला. जुना फक्त छायाचित्रात सापडतो. चित्र त्याने वर्षानुवर्षे स्वतःजवळ ठेवले. ती वारल्यावर, १९१६ मध्ये, मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकताना तिचे नाव लावू नका म्हणाला. संग्रहालयाने ‘मादाम एक्स’ लिहिले.