ताई, तुमचं झालं?

‘वय निघून चाललंय!’ हा डायलॉग मी आईकडून रोज डब्यासोबत घेऊन निघते. म्हणूनच असेल, डिसेंबर २०२१ मध्ये मुलींच्या लग्नाचं किमान वय १८ चं २१ करणारं विधेयक लोकसभेत आलं, तेव्हा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यात जास्त टाळ्या मी पिटल्या होत्या. पुढे ते समितीकडे गेलं, २०२४ मध्ये लोकसभेबरोबरच बाद झालं. मीही विसरले.

गेल्या पावसाळ्यात ग्रुपबरोबर जव्हारला गेले. दाभोसा धबधबा, जयविलास पॅलेस, शंभर फोटो... येताना मोखाड्याच्या अलीकडे पावसाने अडवलं. टपरीवर एक मुलगी, कडेवर बाळ. मला वाटलं, धाकटा भाऊ.

‘माझाच आहे,’ ती म्हणाली.

‘वय काय गं तुझं?’

‘आधारवर एकोणीस.’

‘आणि खरं?’

‘ते आईला माहीत.’

दोन चहा झाले तशी ती बोलायला लागली. दिवाळीनंतर घरचे सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. ‘जगायला जातो’, असंच म्हणतात तिकडे. कामाला जोडी असली तर बरं पडतं आणि तरणी पोर मागे एकटी ठेवायची भीती. म्हणून जोडी जमवून टाकली. लग्न? ते अजून लागायचंय! पैसे जमले की, नाहीतर सामुदायिक सोहळ्यात. तिकडे कितीतरी जोडपी मुलाबाळांसकट बोहल्यावर चढतात.

आता सांगा, जे लग्न लागलेलंच नाही, त्याचं वय कायदा कसं वाढवणार?

बरं, बाळंतपण कुठे झालं? घरीच. दवाखान्यात नाव घालताना वय विचारतात आणि मुलगी अठराच्या आत असली तर पॉक्सोखाली पोलिसांना कळवावंच लागतं. नवराच आत गेला तर भट्टीवर कोण जाणार? याच जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी १९९२-९३ मध्ये बालमृत्यूंमुळे देशभर गाजलं होतं, हे आठवून मला चहा जाईना.

१८९१ मध्ये संमतिवय दहाचं बारा करताना पुण्यात केवढं रान उठलं होतं. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींसाठी चौदा, १९७८ मध्ये अठरा. आकडा चढत गेला. कॅन्टीनमध्ये मला तेवढंच दिसलं होतं.

पाऊस थांबला. निघताना तिने विचारलं, ‘ताई, तुमचं झालं?’

‘नाही.’

‘कितीच्या?’

‘अठ्ठावीस.’

ती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, ‘तुमच्याकडे दिवाळीनंतर कुठे जावं लागत नाही का?’