आधी कामकाज, मग खुर्ची

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेबद्दल माझं मत अनेक वर्षं पक्कं होतं. भारताला कायमचं सदस्यत्व मिळालं पाहिजे, बाकी सगळं दुय्यम. परिषदेच्या कार्यपद्धतीत सुधारणा हवी असं कुणी म्हटलं, की मूळ मागणीला बगल देण्याची ती युक्ती वाटायची. पाच देशांनी 1945 साली स्वतःसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्यांबद्दल बोलायचं सोडून बैठकांच्या नियमांचा कीस काय पाडायचा?

28 ऑक्टोबर 2022 रोजी परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत, ताजमहाल हॉटेलात भरली. 26/11च्या हल्लेखोरांना फोनवरून हुकूम देणाऱ्या साजिद मीरचा आवाज तिथे ऐकवला गेला. त्या बैठकीच्या आदल्याच महिन्यात मीरचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांच्या यादीत घालण्याचा अमेरिका आणि भारताचा प्रस्ताव चीनने रोखून धरला होता. जून 2023 मध्ये तो अडवलाच गेला.

हे कसं घडतं ते मी नीट वाचायला घेतलं आणि माझं मत हललं. इथे परिषदेत नकाराधिकार वापरावाच लागला नव्हता. यादी ठरवते ती ‘1267 समिती’. तिच्यात परिषदेचे पंधराही सदस्य असतात, बैठका बंद दाराआड होतात आणि निर्णय एकमताने. एका सदस्याने ‘होल्ड’ म्हटलं की प्रस्ताव महिनोन्‌महिने पडून राहतो, आणि रोखण्याचं कारण जगाला सांगावंही लागत नाही. दहशतवादी म्होरक्या मसूद अझहरचं नाव याच वाटेने वर्षानुवर्षं अडलं आणि 1 मे 2019 रोजी एकदाचं यादीत गेलं. साजिद मीरचा प्रस्ताव रोखला गेला तेव्हा तर भारत स्वतः परिषदेचा, म्हणजे त्या समितीचाही, सदस्य होता. खुर्ची होती, तरी नियम आडवा आला.

खुर्चीची वाट लांबची आहे. सनद बदलायला दोन तृतीयांश देश हवेत आणि पाचही कायम सदस्यांची मंजुरी हवी. परिषद आजवर एकदाच वाढली, 1965 साली, अकरावरून पंधरा, आणि तेव्हाही कायमची जागा एकही वाढली नाही. कार्यपद्धतीच्या प्रश्नांना मात्र सनदेनुसार परिषदेत नऊ मतं पुरतात, तिथे नकाराधिकार चालत नाही. परिषदेची नियमावली 1946 पासून नावाने ‘तात्पुरती’च आहे. तिच्यातला शेवटचा बदल 1982चा!

परिषदेबाहेरूनही काही करता येतं. लिख्टेनश्टाइनसारख्या चिमुकल्या देशाने पुढाकार घेतला आणि 26 एप्रिल 2022 रोजी महासभेने मतदानाशिवाय ठराव केला: परिषदेत नकाराधिकार वापरला गेला की दहा कामकाजी दिवसांत महासभेत त्यावर चर्चा. याने युद्ध थांबत नाही, हे मला दिसतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत परिषदेचं अध्यक्षपद सांभाळत असतानाच रशियाने युक्रेनवरचा ठराव हाणून पाडला होता. तरीही नकार देणाऱ्याला जगासमोर जाब विचारण्याची सोय झाली, ही मला मोठी गोष्ट वाटते. समित्यांमधल्या ‘होल्ड’ला तेवढाही जाब नाही.

कायम सदस्यत्वाची मागणी मी सोडलेली नाही. पण आपल्या खासदारांना तिच्याबद्दल विचाराल तेव्हा हेही विचारा: नाव रोखणाऱ्या देशाने आपलं कारण लेखी आणि उघड द्यावं, यासाठी भारत काय करतो आहे?